मळसूत्र, पंखा आणि शेततळे

राहुरीला समुद्र नाही. सह्याद्रीचे घाट उतरल्यावाचून येथल्या माणसाला खाऱ्या पाण्याचे दर्शन घडत नाही. तथापि ज्या तालुक्यात बारागाव नांदूरजवळ मुळा नदीला मातीचा बांध घालून सव्वीस हजार दशलक्ष घनफूट पाणी सामावणारा ज्ञानेश्वरसागर निर्माण झाला, ज्याच्या देवळाली प्रवरेकडील शिवारांत प्रवरेच्या कालव्याच्या पाण्याने तीन-चार पिढ्यांचा ऊस वाढविला, आणि ज्याच्या रानारानांतून अलीकडे प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी दुपारच्या उन्हात आरशासारखी चमकू लागली आहेत, त्या तालुक्याचा नौकेशी काय संबंध, असे विचारण्याची घाई कोणी करू नये. अशाच एका शेततळ्याच्या काठावर, गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, शेजारच्या घरातील एक कॉलेजात जाणारा मुलगा स्वतःच्या हातांनी बांधलेली दोन हात लांबीची, रेडिओच्या लहरींनी चालणारी मालवाहू जहाजाची प्रतिकृती मांडीवर घेऊन बसला होता. तिच्या पोटातील मोटर करपल्याचा वास येत होता. पुढ्यात एका डबीत तीन पंखे होते: एक चाळीस मिलिमीटर व्यासाचा पितळी, एक पस्तीसचा पितळी, आणि एक दोन पात्यांचा नायलॉनचा. त्याने अर्थातच सर्वांत मोठा आधी लावला होता. "काका, मोठा पंखा लावला तर नाव जास्त पळायला हवी ना? मग हे असे का झाले?" असे त्याने मला विचारले, आणि त्याच्या त्या प्रश्नाने मला जो इतिहास धुंडाळावा लागला तो येथे सांगावा अशी इच्छा आहे.

शब्दापासून आरंभ करतो. कोकणातील मच्छीमार आपल्या यांत्रिक होडीच्या प्रोपेलरला पंखा म्हणतो. आणि आमच्याकडील शेतकरी विहिरीवरच्या पंपाचे कवच उघडून आतील इंपेलर बाहेर काढतो तेव्हा तोही त्याला पंखाच म्हणतो. हे नामसादृश्य केवळ योगायोगाचे नाही. एक पंखा पाण्याला मागे लोटून स्वतः पुढे जातो, दुसरा जागचा न हलता पाण्याला वर लोटतो. परंतु फिरत्या पात्याने पाण्याला गती द्यावी आणि त्या गतीचे मोल इंधनात किंवा विजेत मोजावे, हा व्यवहार दोघांचा एकच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविल्यानंतर लोखंडी नांगरापासून पंपापर्यंत जे जिन्नस दख्खनच्या शेतकऱ्याच्या दारी येऊन पोहोचले, त्यांनी हळूहळू मोटेची चाके थांबविली, आणि मोटेबरोबर पाणी उपसण्याचे एक फार जुने, बैलाच्या पावलांनी मोजले जाणारे गणितही थांबले. त्याच्या जागी नवे गणित आले. विहीर किती परस खोल, पाणी किती उंच चढवायचे, इंजिन किती अश्वशक्तीचे, आणि त्याला कोणता पंखा पेलवेल? उथळ विहिरीचा पंप खोल विहिरीवर बसविला तर पाणी वर येत नाही, आणि इंजिनाच्या ताकदीबाहेरचा पंखा बसविला तर इंजिन धापा टाकते, हे ज्ञान राहुरीच्या पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराला कोणत्याही ग्रंथावाचून आहे. शेततळ्यावरच्या त्या मुलाच्या घरी असे ज्ञान नांदत होते. मात्र नौकेच्या पंख्याला तेच लागू पडते हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

पूल होण्यापूर्वी आमच्या नद्यांवर ज्या नावा चालत त्यांना पंखा ठाऊक नव्हता. पावसाळ्यात नदी दुथडी भरली की तरीची नाव पाण्यात उतरे. मुंबई इलाख्यात १८६८ च्या कायद्याने अशा तरींचा बंदोबस्त सरकारच्या अखत्यारीत आला, त्यांचे मक्ते दिले जात, आणि माणशी, जनावरामागे, गाडीमागे काय घ्यावे याचे दर मुकर्रर होत. भोई आणि कोळी वेळूच्या रेट्याने वा वल्ह्यांनी नाव पैलतीराला लावीत. वल्हे मारणारा प्रत्येक फटक्यानंतर ते पाण्याबाहेर काढतो, म्हणजे त्याच्या श्रमाचा एक भाग हवेत जातो; वाफेची नौका प्रथम निघाली तेव्हा तिनेही हाच मार्ग चोखाळला आणि दोन्ही बगलांना मोठमोठी वल्ह्यांची चाके बसविली. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० साली मुंबईहून सुवेझला गेली तीही अशाच चाकांवर. त्याच गोदीतील विख्यात वाडिया घराण्याचे अर्देशीर कर्सेटजी, ज्यांना १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले आणि जे तो मान मिळविणारे पहिले भारतीय ठरले, त्यांच्या उमेदीचा काळ हा बगलेच्या चाकांचाच काळ होता. चाकाचा दोष असा की जहाज एका अंगाला कलले म्हणजे एक चाक नको तितके बुडे आणि दुसरे हवेत फिरे. आणि युद्धनौकेच्या बाबतीत तर तोफेच्या एका गोळ्याने ते निकामी होई.

आता पाहा, या चाकाच्या जागी मळसूत्र, म्हणजे आजच्या पंख्याचे मूळ रूप, आणणारा मनुष्य कोण होता. फ्रान्सिस पेटिट स्मिथ याचा जन्म १८०८ सालचा, इंग्लंडच्या केंट परगण्यातील हाइथ गावी. बाप टपालखात्यातला, आणि स्वतः तो व्यवसायाने शेतकरी, गुरे-मेंढरे चारून उपजीविका करणारा. लहानपणापासून त्याला नौकांच्या प्रतिकृती बांधण्याचा आणि त्या चालविण्याच्या नाना तऱ्हा शोधण्याचा नाद होता. वय वाढले, संसार लागला, तरी तो नाद सुटला नाही. पुढे लंडनजवळ हेंडन येथे शेती करीत असता १८३४-३५ च्या सुमारास त्याने एक प्रतिकृती केली, तिच्या मागच्या अंगाला लाकडी मळसूत्र बसविले, घड्याळासारख्या गुंडाळलेल्या स्प्रिंगने ते फिरविले, आणि आपल्याच शेतावरील तळ्यात ती नाव सोडून दिली. नाव चालली. त्या तळ्यात जो निश्चय त्याच्या मनाशी झाला त्याच्या बळावर ३१ मे १८३६ रोजी त्याने आपल्या मळसूत्राची सनद घेतली. आणि त्याच्यानंतर सहा आठवड्यांनी जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरने, याच्याशी कोणताही संबंध नसता, आपल्या पद्धतीची सनद घेतली. एरिक्सन थोर यंत्रज्ञ होता यात शंका नाही. परंतु माझे मन स्मिथकडे ओढते, आणि त्याचे कारण मी लपवीत नाही. आधुनिक जहाजाच्या बुडाशी जो पंखा आज समुद्र घुसळतो तो एका शेतकऱ्याच्या तळ्यात, एका खेळण्याच्या शेपटाला, फिरून पुढे आला, ही गोष्ट ज्या तालुक्यात शेततळी आहेत तेथील मुलांना कोणीतरी सांगावयास हवी.

स्मिथच्या चरित्रातील पुढचा प्रसंग तर पंखा निवडणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. त्याने सहा टनांची एक लहान वाफेची नौका बांधून लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात तिची परीक्षा चालविली होती. तिचे मळसूत्र लाकडाचे असून त्याला पूर्ण दोन आटे होते. कारण जितके आटे अधिक तितकी पाण्यावरची पकड अधिक, असा त्याचा समज होता, आणि तो समज वरवर पाहता कोणालाही पटण्यासारखाच आहे. १८३७ च्या फेब्रुवारीत पाण्यातील कशालातरी धक्का लागून ते मळसूत्र मोडले आणि त्याचा जवळजवळ निम्मा भाग गळून पडला. नौका थांबेल असे वाटले असता ती उलट अधिक वेगाने धावू लागली! दुसरा एखादा असता तर त्याने मोडलेल्या भागाची भरपाई करून पहिले मळसूत्र पुन्हा घडविले असते. स्मिथने नवे मळसूत्र एकाच आट्याचे केले. पाण्यात बुडालेला प्रत्येक चौरस इंच पुढे ढकलतोच असे नाही, तो घर्षणाने अडवतोही, हा धडा त्याला मोडतोडीतून मिळाला. हातात आलेला मोठा पंखा हा अधिक वेगाचा पंखा असतो, हा आमच्या शेततळ्यावरच्या मुलाचा समज म्हणजे स्मिथच्या त्या दोन आट्यांच्या समजाचाच धाकटा भाऊ होय.

यानंतरची कथा संक्षेपाने सांगतो. १८३८ च्या ऑक्टोबरात 'आर्किमिडीज' ही मळसूत्री आगबोट पाण्यात उतरली. तिच्यावर प्रयोग करून पाहिल्यावर इंजिनिअर ब्रूनेलने आपल्या 'ग्रेट ब्रिटन' या प्रचंड लोखंडी जहाजाची योजलेली बगलेची चाके रद्द करून त्याला सहा पात्यांचा पंखा दिला. आणि ३ एप्रिल १८४५ रोजी ब्रिटिश आरमाराने 'रॅटलर' आणि 'अलेक्टो' या सारख्याच शक्तीच्या दोन नौकांची शेपटे एकमेकींना बांधून रस्सीखेच लावली, तेव्हा पंख्याच्या रॅटलरने चाकांच्या अलेक्टोला सुमारे अडीच नॉटच्या वेगाने उलटे ओढीत नेले. स्मिथला १८७१ साली सरदारकी मिळाली. शेवटची वर्षे त्याने लंडनच्या सनदी यंत्रांच्या संग्रहालयाचा रक्षक म्हणून काढली.

तळ्यातील प्रतिकृतीने मोठ्या जहाजाला जन्म दिला खरा, परंतु प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाचे नेमके मोजमाप कसे काढावे, हे स्मिथला ठाऊक नव्हते. ते विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने शोधले. सरकारकडून दोन हजार पौंडांची मंजुरी मिळवून त्याने १८७२ च्या सुमारास इंग्लंडमधील टॉर्की येथे आपल्या घराशेजारी एक लांबलचक हौद बांधविला, त्यावर रुळांवरून चालणारा गाडा बसविला, आणि मेणाच्या नौका ओढून त्यांना होणारा पाण्याचा विरोध मोजला. त्याच्या नियमाचे सार असे की वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. शंभर मीटर लांबीचे, वीस नॉट वेगाचे जहाज एक मीटरच्या नमुन्यात उतरविले तर नमुन्याचा योग्य वेग दोन नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे एक मीटर. जहाजाचा पंखा मिनिटाला शंभर फेरे घेत असेल तर नमुन्याचा हजार घेईल. आणि जहाजाला दहा हजार अश्वशक्ती लागत असेल तर याच हिशेबाने नमुन्याला पाऊण वॅट पुरावा. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट लागतो. कारण लाटांचा हिशेब लहान-मोठ्याला सारखा लागू पडतो, पण घर्षणाचा पडत नाही. लहान नावेला पाणी जणू अधिक चिकट होते. म्हणूनच मूळ जहाजाच्या पंख्याचे तंतोतंत मापाबरहुकूम केलेले पितळी रूप प्रदर्शनाच्या काचेआड कितीही देखणे दिसले, तरी पाण्यात ते बहुधा अशक्त ठरते, आणि जाणते हौशी लोक चालविण्यासाठी त्याहून काहीसा मोठा, रुंद पात्यांचा पंखा वेगळा ठेवतात.

फ्रूडच्या हौदाची आठवण देणारा एक हौद महाराष्ट्रात खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात आहे, आणि त्या केंद्राच्या जन्माशी आमच्या मुलखाचे जवळचे नाते आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. नीरा-प्रवरेसारख्या दख्खनी कालव्यांखाली पाण्याची रेलचेल झाली, परंतु निचऱ्याची तजवीज नव्हती. काळ्या, सुपीक जमिनी चिबड होऊ लागल्या, मिठाने फुलून चोपण पडू लागल्या. पाणी आणि जमीन यांच्या या भांडणाचा उलगडा करण्यासाठी मुंबई सरकारने १९१६ साली पुण्याजवळ पाटबंधाऱ्यांचा एक खास विभाग स्थापन केला, क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली तो वाढला, पुढे खडकवासल्यास स्थिरावला, १९३७ च्या सुमारास मध्यवर्ती सरकारकडे गेला, आणि नद्या, बंदरे, धरणे यांचे नमुने मांडून पाहणारे देशातील अव्वल दर्जाचे केंद्र झाला. तेथील लांब हौदावर गाडा चालतो तो मुख्यतः प्रवाहमापकांची पारख करण्यासाठी. प्रवाहमापक म्हणजे वाट्यांचे किंवा पात्यांचे एक लहानसे चक्र. ते स्थिर पाण्यातून ठरीव वेगाने ओढले म्हणजे किती फेरे घेते हे पाहून त्याचे कोष्टक तयार करतात, आणि मग कालव्यात ते बुडवून फेऱ्यांवरून पाण्याचा वेग सांगतात. नावेचा पंखा फिरतो म्हणून पाणी चालते. प्रवाहमापकात पाणी चालते म्हणून पंखा फिरतो. कालव्याच्या मोजणीवर पाणीपट्टी आणि पाळ्या ज्यांच्या ठरतात त्या शेतकऱ्यांना या उलट्या पंख्याचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये.

राहिला रेडिओ. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरींनी दुरून घंटा वाजवून दाखविली. आणि निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात एका कुंडातील लहान नाव कोणत्याही तारेवाचून दुरून वळविली, चालविली, थांबविली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याला तिची सनद मिळाली. म्हणजे दूरनियंत्रणाची सुरुवात झाली तीही हातभर पाण्यातील एका प्रतिकृतीवरच.

आता त्या मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. तीन पंख्यांतून कोणता निवडावा? प्रथम व्यास पाहावा. फेरे आणि पात्यांची ठेवण तीच ठेवून व्यास वाढविला तर मोटरवरचा भार व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. पस्तीसच्या जागी चाळीसचा पंखा लावणे ही डोळ्यांना पाच मिलिमीटरांची गोष्ट वाटते, परंतु मोटरला तो भार जवळजवळ दुप्पट वाटतो. भार दुप्पट झाला की विजेचा प्रवाह त्या मानाने वाढतो, आणि तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने. मोटर करपली ती या हिशेबाने करपली. दुसरे, पिच पाहावे. पंखा लोण्यासारख्या घट्ट वस्तूत फिरला तर एका फेऱ्यात जितका पुढे सरकेल ते त्याचे पिच. पाणी लोण्याइतके घट्ट नसल्यामुळे त्यात घसर असते. पिच पंचवीस मिलिमीटर आणि फेरे सेकंदाला साठ असतील तर कागदावर वेग सेकंदाला दीड मीटर निघतो, आणि पाचवा हिस्सा घसरीत गेला तर हाती सव्वा मीटरच्या आतबाहेर उरतो. त्या मुलाची नाव नव्वद सेंटिमीटर लांबीची, पोट भरून पाण्यात बसणारी मालवाहू जहाजाची प्रतिकृती. अशी नाव स्वतःच उठविलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते, आणि तिच्या लांबीला सेकंदाला सुमारे १.२ मीटर ही वेगाची स्वाभाविक मर्यादा आहे. त्यापलीकडे लावलेली शक्ती लाटा उठविण्यात जाते. म्हणून तिला मध्यम व्यासाचा, कमी पिचचा, शांतपणे फिरणारा पंखा हवा. शर्यतीच्या, पाण्यावर घसरत जाणाऱ्या हलक्या नावेचे शास्त्र याहून वेगळे आहे. तिला लहान व्यास, व्यासाच्या दीडपटीच्या आसपास पिच, बहुधा दोनच पाती आणि प्रचंड फेरे मानवतात. नायलॉनचा तो दोन पात्यांचा पंखा तिच्या कामाचा होता.

फेरे वाढवीत गेले म्हणजे वेगही वाढतच जातो असे मात्र नाही. इंजिनिअर चार्ल्स पार्सन्सने १८९४ साली 'टर्बिनिया' ही नौका बांधली तेव्हा तिच्या एकुलत्या पंख्याला टर्बाइनने इतके वेगाने फिरविले की पात्यांच्या पाठीवर पाण्याची वाफ होऊन पोकळ्या उत्पन्न झाल्या आणि पंखा पाण्याऐवजी त्या पोकळ्यांतच फिरू लागला. नौका अपेक्षित वेगाच्या जवळपासही जाईना. त्याने काचेच्या खिडक्यांचे एक लहान पात्र करून त्यात नमुन्याचा पंखा फिरविला, त्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या, आणि मग नौकेला तीन दांडे व प्रत्येक दांड्यावर तीन असे नऊ पंखे बसविले. १८९७ च्या आरमारी संचलनात ती चौतीस नॉटच्या वेगाने सर्वांच्या पुढून धावून गेली. येथेही उत्तर मिळाले ते लहान पात्रातील लहान पंख्यापाशीच.

काही गोष्टी केवळ अनुभवाने कळतात, त्या थोडक्यात नमूद करतो. मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरून नाव पुढे नेणारा पंखा उजव्या हाताचा. असा एकच पंखा असेल तर तो नावेला डावीकडे किंचित कलवितो, आणि उलटा फिरविला असता तिचे शेपूट डावीकडे ओढतो. दोन पंखे असतील तर एक उजवा, एक डावा घ्यावा, म्हणजे हे ओढे परस्परांत फिटतात. तीन पाती कंप कमी करतात. दांड्याच्या नळीत ग्रीस भरावे लागते, पंपाच्या ग्लँडची काळजी घ्यावी तशी त्या नळीच्या तोंडाची घ्यावी लागते, आणि मोटर व दांडा एका रेषेत नसतील तर उत्तमातील उत्तम पंखाही व्यर्थ. हे शेवटचे वाक्य मी उच्चारले तेव्हा त्या मुलाचे वडील, जे आयुष्यभर विहिरीवरची इंजिने सांभाळीत आले, प्रथमच आमच्या बोलण्यात पडले. त्यांनी नाव हातात घेतली, दांडा बोटांनी फिरवून पाहिला, आणि जोडणीत केसभर वाकडेपणा आहे असे सांगून तो तेथेच पातळ पत्र्याची चकती घालून काढून टाकला.

नवी मोटर आणल्यावर पस्तीस मिलिमीटरचा, तीन पात्यांचा, कमी पिचचा पंखा लावून नाव पुन्हा तळ्यात सोडली. दोन मिनिटे चालवावी, काठाला आणावी, झाकण उघडून मोटरवर बोट ठेवावे, बोट टिकत असेल तर पुन्हा सोडावी, असा क्रम संध्याकाळपर्यंत चालला. तळ्याच्या पलीकडच्या काठावर खुणेचे दोन बांबू रोवून, त्यांच्यामधील बारा मीटरचे अंतर ती किती सेकंदांत तोडते हे त्याची धाकटी बहीण घड्याळ लावून मोठ्याने सांगत होती, आणि तो पाण्याने भिजलेल्या वहीत लिहून घेत होता. शेवटच्या ओळीत नोंद होती ती अशी: व्यास पस्तीस, पाती तीन, वेळ साडेदहा सेकंद, मोटर कोमट.